लिब्रेऑफिसचे आयकॉन डेस्कटॉपशी जुळवायचे कसे

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पारोळ्याजवळच्या तुमच्या शाळेत १४ जुने संगणक आहेत, त्यांवर लिनक्स मिंट २२ टाकलंय आणि डेस्कटॉपला पॅपिरस-डार्क ही आयकॉन थीम लावलीय. पॅनल, फोल्डर, मेनू सगळं झकास दिसतं. पण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममधलं रायटर (लिहायचं) किंवा कॅल्क (हिशेबाचं) उघडलं की टूलबारवरचे आयकॉन दुसऱ्याच वरातीतले पाहुणे आल्यासारखे वाटतात, आणि गडद पट्टीवरचे काही तर दिसतही नाहीत. थीम तीनदा काढून लावली, मशीन बंद-चालू केलं, फरक शून्य. वर तुम्ही विचारलंय की मेनूतला रायटरचा आयकॉन बदलला, मग आतलेच का बदलत नाहीत?

आधी या शेवटच्या प्रश्नाचं बघू, कारण अडचण तिथंच आहे. मेनूतला आयकॉन लिब्रेऑफिसचा नसतोच, तो डेस्कटॉपचा असतो. लिब्रेऑफिस फक्त एक नाव सांगून ठेवतं, आणि त्या नावाचं चित्र डेस्कटॉप चालू थीममधून, म्हणजे तुमच्याकडे पॅपिरसमधून, उचलतो. फाइल उघडायची खिडकीसुद्धा सहसा डेस्कटॉपचीच असते, म्हणून तिथंही पॅपिरसचे फोल्डर दिसतात. टूलबारचं मात्र तसं नाही. हा प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालतो. ओपनऑफिसपासून तो २०१० मध्ये वेगळा झाला, पण आपली चित्रं आपल्याच पिशवीत घेऊन फिरायची सवय जुनीच. कुठल्या मशीनवर कुठली थीम असेल याचा त्याला भरवसा नाही. त्यामुळे डेस्कटॉपची थीम शंभर वेळा बदलली तरी त्या पिशवीत काही बदलत नाही.

ही पिशवी म्हणजे साध्या झिप फाइली. मिंटमध्ये यूएसआर, त्यात लिब, त्यात लिब्रेऑफिस, त्यात शेअर, त्यात कॉन्फिग असं आत गेलात की 'इमेजेस अंडरस्कोर' असं नाव लावलेल्या झिप दिसतील: कोलिब्रे, ब्रीझ, एलिमेंटरी, सिफर वगैरे. एक झिप म्हणजे एक थीम. काही डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांत, त्या दुसरीकडेही ठेवतात, म्हणून वाट पाठ करण्यापेक्षा कोलिब्रेची झिप शोधा आणि ती सापडेल तेच घर धरा.

झिपकडे जाण्याआधी एक तपासणी करा, अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात. हेल्प मेनूतलं अबाउट उघडा. त्यात 'व्हीसीएल' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे जीटीके३ किंवा केएफ५ असं काहीतरी, म्हणजे डेस्कटॉपशी बोलणाऱ्या दुव्याचं नाव. तिथं 'एक्स११' दिसलं तर लिब्रेऑफिसला असा दुवाच मिळालेला नाही. मग खिडक्या जुन्या जमान्यातल्या दिसतात, डार्क थीमचा त्याला पत्ता लागत नाही, आणि आयकॉन बदलून काही उपयोग नाही. मिंटवर जीटीके३चं लिब्रेऑफिस पॅकेज टाकायचं, डेस्कटॉप केडीई या दुसऱ्या प्रकारचा असेल तर केडीईचं. आमच्या अमळनेरात एका पतसंस्थेत मी दोन तास आयकॉन उलटेपालटे करत बसलो होतो, आणि शेवटी घोडं इथं अडलेलं निघालं. तेव्हापासून आधी अबाउट, मग बाकीचं.

आता सोपी वाट. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, व्ह्यू. तिथं आयकॉन थीमची यादी उघडते. नव्या आवृत्तीत व्ह्यूमध्ये नाही सापडली तर शेजारच्या अपिअरन्समध्ये बघा. यादीत जेवढ्या झिप बसवलेल्या आहेत तेवढीच नावं येतात, म्हणून तुमच्या मित्राच्या मशीनवरचं नाव तुमच्याकडे नसेल तर त्याचं पॅकेज टाकलेलं नाही एवढाच अर्थ.

यादीत पहिलं नाव 'ऑटोमॅटिक' असतं आणि त्यापुढे कंसात निवडलेली थीम. डेस्कटॉप केडीई असेल तर ते ब्रीझ उचलतं. ऑटोमॅटिकचा खरा फायदा वेगळाच आहे: डेस्कटॉप गडद असेल तर ते थीमचा गडद भाऊ आपण होऊन शोधतं. तुम्ही यादीतून नुसतं 'कोलिब्रे' निवडलंत तर ते उजेडातलं कोलिब्रेच राहतं, डेस्कटॉप काळा करा नाहीतर पांढरा. तुमचे आयकॉन काळ्या पट्टीवर बुडतायत याचं कारण माझ्या अंदाजानं हेच. कुणीतरी कधीतरी हातानं निवडून ठेवलंय.

थीमांबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. कोलिब्रे रंगीत आणि ठसठशीत आहे, नवशिक्याला पटकन ओळखू येतं. एलिमेंटरी दिसायला छान, पण पॅपिरसच्या सपाट आयकॉनांजवळ ते जरा फुगीर वाटतं. ब्रीझ बारीक रेघांचं, एका रंगाकडे झुकलेलं. पॅपिरसची टूलबारची चित्रंही तशीच असल्यामुळे तयार थीमांत त्याला सगळ्यांत जवळचं ब्रीझच. सिफर म्हणजे अरबीत शून्य, आणि थीमही नावासारखीच, रंगाला जवळजवळ रजा. डिझायनर लोकांना ती फार आवडते. मी ती रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात हौसेनं लावली होती. तिथले आप्पा मुनीम, साठी ओलांडलेले, ट्रकांच्या नोंदी आणि हिशेब कॅल्कमध्ये ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन: "भाऊ, सेव्हनं बटन कथं गयं?" बटण होतं तिथंच होतं. पण आप्पा बटण जागेवरून नाही, रंगावरून ओळखायचे. मी तासाभरात जाऊन कोलिब्रे परत लावलं, आप्पांनी चहा पाजला, आणि सिफर मी तेव्हापासून फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर वापरतो.

तुमच्या १४ मशीनसाठी माझा पहिला सल्ला: यादीतून ब्रीझचा गडद प्रकार निवडा, आयकॉनचा आकार लार्ज करा, ओके म्हणा. आकाराला चार पर्याय आहेत: ऑटोमॅटिक, स्मॉल, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, स्मॉल म्हणजे १६ पिक्सेल, लार्ज २४, एक्स्ट्रा लार्ज ३२. जुन्या १७-१८ इंची मॉनिटरवर २४ बरोबर बसतात. बहुतेकांना एवढ्यावर समाधान होतं आणि व्हायला हरकत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही तरी सांगतो. तुमच्या लॅबला पत्रे आहेत आणि पश्चिमेला खिडकी आहे, असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, बाहेरचा उजेड डोळे दिपवतो, आणि अशा खोलीत काळा स्क्रीन म्हणजे आरसा. मुलांना स्वतःचं तोंड दिसेल, अक्षर दिसणार नाही. खिडकीजवळच्या मशीनवर तरी उजेडातलीच थीम ठेवा. पॅपिरसचा फिकट प्रकार आहे, त्याला साधं ब्रीझ लावलं की जोडी जमते.

तरीही तुम्हाला पॅपिरसच हवं असेल, तर पॅपिरस बनवणाऱ्या मंडळींनी लिब्रेऑफिससाठी स्वतंत्र थीम केलेली आहे. ती डाउनलोड करून त्याच कॉन्फिग फोल्डरात ठेवायची आणि यादीतून निवडायची. तिची एक खोड मात्र ध्यानात ठेवा. लिब्रेऑफिसच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत काही नवी बटणं येतात, काहींची नावं बदलतात. थीममध्ये ज्या बटणाचं चित्र नाही, तिथं लिब्रेऑफिस रिकामी जागा सोडत नाही, कोलिब्रेमधून उसनं आणतं. म्हणून बाहेरच्या थीमा लावल्यावर मधेच दोन-चार बटणं वेगळी दिसतात. थीम बिघडलेली नसते, उसनवारी चाललेली असते.

हीच उसनवारी आपल्या कामाला येते. ती कळली की सगळी थीम स्वतः बनवायची गरज उरत नाही. तुमची मुलं रोज किती बटणं दाबतात? नवीन, उघडा, सेव्ह, प्रिंट, पीडीएफ, कट-कॉपी-पेस्ट, मागे-पुढे, ठळक, तिरपं, अधोरेखित. फार तर २०. तेवढीच चित्रं आपली घाला, बाकीची उसनी येऊ द्या. उजेडातल्या डेस्कटॉपला तर २० चित्रांची झिपही चालते, उरलेलं कोलिब्रे भागवतं, फक्त कोलिब्रेचं पॅकेज काढून टाकलेलं नसावं. गडद डेस्कटॉपला हे चालत नाही, कारण उसनं येतं ते उजेडातलं कोलिब्रे, आणि ते काळ्यावर पुन्हा बुडणार. तिथं ब्रीझच्या गडद झिपची पूर्ण प्रत घ्यायची आणि तिच्यावर आपली २० चित्रं बसवायची.

प्रत्यक्ष कसं ते सेव्हच्या एका बटणावर दाखवतो. ब्रीझ-डार्कची झिप आपल्या होम फोल्डरात आणा आणि एका रिकाम्या फोल्डरात उलगडा. आत बरेच फोल्डर दिसतील. आपल्याला हवा तो 'सीएमडी'. त्यात प्रत्येक बटणाची चित्रं आहेत, नाव त्या आज्ञेचं, इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. सेव्हची तीन चित्रं आहेत: 'एससी अंडरस्कोर सेव्ह' हे १६ पिक्सेलचं, 'एलसी अंडरस्कोर सेव्ह' हे २४चं, आणि सीएमडीच्या आत '३२' नावाचा फोल्डर आहे त्यात नुसतं 'सेव्ह', ते ३२चं. एससी म्हणजे छोटं, एलसी म्हणजे मोठं, असं मी डोक्यात बसवून ठेवलंय.

आता पॅपिरस-डार्कच्या फोल्डरात जा: यूएसआर, शेअर, आयकॉन्स, पॅपिरस-डार्क. तिथं २४ च्या ॲक्शन्स फोल्डरात 'डॉक्युमेंट-सेव्ह' नावाचं एसव्हीजी (रेघांच्या सूत्रांचं) चित्र आहे. ते इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडून २४ बाय २४ पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) करून काढा, आणि 'एलसी अंडरस्कोर सेव्ह' या नावानं जुन्या चित्रावर ठेवा. १६ साठी मात्र २४चं चित्र आकसून घेऊ नका, पॅपिरसचं १६चं वेगळं चित्र आहे तेच घ्या. आकसलेल्या चित्रात रेघा दोन पिक्सेलांच्या मधे पडतात आणि धुरकट दिसतात. २० चित्रं असतील तर इंकस्केपपेक्षा टर्मिनलवर आरएसव्हीजी-कन्व्हर्ट या आज्ञेनं पटापट होतात. चित्रांचा रंग पाहून घ्या: पॅपिरस-डार्कच्या टूलबारच्या रेघा पांढऱ्याशुभ्र नसतात, फिकट राखाडी असतात. तुम्ही एखादं चित्र स्वतः काढलंत आणि शुभ्र ठेवलंत तर तेवढं एकच लखलखत राहील.

फोल्डरात 'लिंक्स' नावाची एक मजकूर फाइलही असते. तिच्यात एका ओळीत दोन नावं, म्हणजे पहिल्या नावाचं चित्र मागितलं तर दुसऱ्याचं द्या. एखादं चित्र बदलूनही पडद्यावर बदलत नसेल तर त्याचं नाव या फाइलीत शोधा. बहुतेक ते दुसऱ्याच चित्राच्या नावावर चाललेलं असतं.

चित्रं झाली की झिप करा. इथं दहातले आठ जण चुकतात, मीही चुकलो होतो. फोल्डरावर राइट क्लिक करून कॉम्प्रेस म्हटलं की झिपच्या आत आधी तो फोल्डर येतो आणि मग त्यात सीएमडी. लिब्रेऑफिसला सीएमडी झिपच्या तोंडाशीच लागतो. फोल्डराच्या आत जा, सगळं निवडा, मग कॉम्प्रेस करा. चूक ओळखायची खूण अशी: थीमचं नाव यादीत दिसतं, निवडताही येतं, पण आयकॉन सगळे कोलिब्रेचेच. म्हणजे झिप सापडली, पण चित्रं सापडली नाहीत, म्हणून सगळं उसनं आलं.

नाव द्यायचं ते 'इमेजेस अंडरस्कोर' पासूनच सुरू व्हायला हवं, पुढे काहीही, उदाहरणार्थ 'खानदेश'. यादीत ते 'खानदेश' म्हणून दिसेल. मूळ ब्रीझच्या किंवा कोलिब्रेच्या झिपमध्ये कधीही हात घालू नका. मी एकदा २२ मशीनवर मूळ कोलिब्रेतच बदल करून दिला होता, माझी पाठ थोपटून घेऊन घरी गेलो. महिन्याभरात अपडेट आलं, पॅकेजनं आपली झिप पुन्हा आणून ठेवली, आणि माझं काम एका रात्रीत पुसलं. वेगळ्या नावाच्या झिपला अपडेट हात लावत नाही.

झिप कॉन्फिग फोल्डरात ठेवायला रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य व्यवस्थापकाचा, अधिकार लागतो. ठेवल्यावर ती सगळ्यांना वाचता येते ना ते बघा, कारण रूटनं केलेली फाइल कधीकधी फक्त रूटलाच वाचता येते आणि मग मुलांच्या लॉगिनला थीम गायब. लिब्रेऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. तुम्ही एसव्हीजी प्रकारच्या थीमवर काम करत असाल तर आणखी एक: तिची चित्रं एकदा काढून झाली की लिब्रेऑफिस ती युजरच्या प्रोफाइलमधल्या कॅशे फोल्डरात साठवून ठेवतं. चित्र बदललं तरी जुनंच दिसत राहिलं तर तो कॅशे फोल्डर उडवा. पीएनजीच्या थीमला ही भानगड नाही, म्हणून मी पीएनजीच वापरतो.

सगळं वाचून तुम्हाला वाटलं असेल की मला तर दोनच बटणं खटकतायत, तर झिपच्या नादी लागू नका. टूल्समधलं कस्टमाइझ उघडा, टूलबार्सच्या पानावर ते बटण निवडा, मॉडिफाय मध्ये चेंज आयकॉन आहे. तिथं स्वतःचं पीएनजी आयात करता येतं. पाच मिनिटांचं काम. मात्र ते त्या एका युजरपुरतंच राहतं, १४ मशीनवर १४ वेळा करावं लागेल.

१४ मशीनवर एकदम लावायचं तर झिप पेनड्राइव्हनं किंवा नेटवर्कवरून प्रत्येकाच्या कॉन्फिगमध्ये टाका. निवड करण्यासाठी प्रत्येक मशीनसमोर बसायची गरज नाही. युजरच्या प्रोफाइलमध्ये 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' नावाची एक्ससीयू फाइल असते. एका मशीनवर थीम हातानं निवडा, लिब्रेऑफिस बंद करा, आणि त्या फाइलीत 'सिम्बॉलस्टाइल' शोधा. त्या ओळीत तुमच्या थीमचं नाव आलेलं असेल. तीच ओळ बाकीच्या १३ फाइलींत घाला. तिथं आधीच असेल तर बदला. लिब्रेऑफिस चालू असताना घालू नका, बंद होताना ते स्वतःची प्रत पुन्हा लिहितं आणि तुमची ओळ जाते.

आणि हो, लिब्रेऑफिस मिंटच्या पॅकेजमधलं आहे की फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या वेगळ्या, बंदिस्त पॅकेजचं, हे बघून घ्या. त्या दोन्हींत कॉन्फिग फोल्डर कुलूपबंद असतो, झिप ठेवताच येत नाही. तिथं थीम एक्स्टेन्शन म्हणून बसवायची. ते ओएक्सटी नावाचं पुन्हा एक झिपच: आत एका फोल्डरात आपली थीम, आणि सोबत हा फोल्डर कुठं आहे ते सांगणाऱ्या दोन-तीन छोट्या फाइली. त्या स्वतः लिहिण्यापेक्षा लिब्रेऑफिसच्या एक्स्टेन्शनांच्या साठ्यातून एखादी आयकॉन थीम उतरवा, उघडून बघा, आणि तिचाच सांगाडा वापरा. जुन्या मशीनवर मी मात्र मिंटचं साधं पॅकेजच ठेवतो; फ्लॅटपॅक डिस्कवर जागा जास्त खातं आणि उघडायला वेळ लावतं.

शेवटी एक हौसेची गोष्ट, तुमची शाळा मराठी माध्यमाची आहे म्हणून. ठळक करायच्या बटणावर इंग्रजी बी असतो आणि तिरप्यावर आय. लिब्रेऑफिस जर्मन, स्पॅनिश अशा भाषांसाठी या बटणांची वेगळी चित्रं देतं, सीएमडीच्या आत त्या भाषेच्या दोन अक्षरांच्या नावाचा फोल्डर करून. मराठीचं नाव 'एमआर'. तुमच्या थीममध्ये सीएमडीत एमआर नावाचा फोल्डर करा, त्यात 'एलसी अंडरस्कोर बोल्ड' आणि 'एससी अंडरस्कोर बोल्ड' या नावांनी जाड 'अ' ठेवा. ३२ साठी '३२' फोल्डरच्या आतही तसाच एमआर फोल्डर. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत लावलेले असले की हा 'अ' आपोआप येतो, इंग्रजीत लावले की पुन्हा बी. 'अ' काढताना शिरोरेघ वरच्या कडेला चिकटवू नका, २४ पिक्सेलांत वर दोन पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर ती बटणाच्या चौकटीत मिसळते आणि खाली नुसता उकार लोंबल्यासारखा दिसतो. माझ्या पहिल्या 'अ'ला दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, "भाऊ, हाई तीन शे का?" म्हणजे, हा तीनचा आकडा आहे का?